पाहुणा आपसात काय म्हणतो त्यावरून त्याची भाषा ओळखता येते काय?

बफरचा_गाईड

मी ताडोब्याच्या बफरमध्ये गाईड आहे. गाव मोहर्लीच्या बाजूचं समजा. सीझनमध्ये परदेशी पाहुणे येतात. ते आम्हाला 'नमस्ते' म्हणतात, आम्ही त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणतो, म्हणजे दोघंही दुसऱ्याच्या भाषेत. ते सोडा. जिप्सीत बसल्यावर मागून त्यांचाच कोणी चढला की ते एकमेकांना जे म्हणतात, तिथे माझे कान असतात.

परमिटवर देश लिहिलेला असतो, पण देश म्हणजे भाषा नव्हे. बेल्जियमची दोन जोडपी होती, एकाचं 'बोंजूर' आणि दुसऱ्याचं 'खुयमॉर्खन'. स्वित्झर्लंडवाल्यांचं तर विचारूच नका.

उपयोग काय, असं कोणी विचारेलच. पाहुण्याच्या भाषेत 'डावीकडे', 'उजवीकडे' आणि 'चूप' एवढं आलं तरी काम होते. वाघीण झुडपातून निघते तेव्हा इंग्रजी ना त्यांना सुचत, ना आम्हाला. फ्रेंच माणसाला हळूच 'आ गोश' म्हटलं, जर्मनाला 'लिंक्स' म्हटलं, की माना बरोबर डावीकडे वळतात. पण त्यासाठी आधी समजलं पाहिजे की हा फ्रेंच आहे का जर्मन.

माझं अडते ते तीन शब्दांवर : 'हेई', 'चाओ' आणि 'सलाम'. हे कोणीही म्हणते. जाणकारांनी सांगावं, ऐकायचं काय?

वर्धेकर_मास्तर

छान धागा. तुमची सफारी पहाटेची, त्यामुळे तुमच्या कानावर पडतात ते सकाळचे नमस्कार. हे सोयीचं आहे, कारण दिवसभर चालणाऱ्या 'हाय-हॅलो'पेक्षा सकाळचा नमस्कार लांब असतो आणि लांब वाक्यात भाषा लपत नाही.

आधी लॅटिनची लेकरं घ्या. सगळ्यांचा अर्थ 'चांगला दिवस', त्यामुळे अर्थाकडे दुर्लक्ष करून शेवट ऐका. फ्रेंच 'बोंजूर'मध्ये आवाज नाकात जातो. इटालियन 'बुऑनजोर्नो' ठणठणीत ओकारावर संपतो. इटालियन शब्द बहुतेक स्वरावरच टेकतात. स्पॅनिश 'ब्वेनोस दीयास'मध्ये दोनदा 'स' येतो, कारण ते अनेकवचनात बोलतात, 'चांगले दिवस'. पोर्तुगीज 'बों दीया' एकवचनी. त्यातही माणूस ब्राझीलचा असेल तर 'दीया'चं 'जीया' होतं. लिस्बनचा असेल तर 'दीया'च राहतं. रोमानियाचा पाहुणा 'बुना दिमिनियात्सा' म्हणेल, तो सुरुवातीला इटालियन वाटतो आणि मग फसवतो.

जर्मन 'गुटन मॉर्गन' आणि डच 'खुयमॉर्खन' ही सख्खी भावंडं. फरक घशात. डच माणूस ग च्या जागी घसा खरवडून ख काढतो. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात 'ग्र्यूस गॉट' चालतं, त्यात देवाचं नाव आहे. स्वित्झर्लंडचा जर्मन बोलणारा 'ग्र्युएत्सी' म्हणतो. आणि उत्तर जर्मनीतला 'मोइन' म्हणतो, तो सकाळ, दुपार, संध्याकाळ कधीही. 'मोइन' ऐकून घड्याळ लावू नका.

जपानी माणूस पहाटे 'कोन्निचिवा' म्हणणार नाही, 'ओहायो गोझाइमास' म्हणेल. कोन्निचिवा दिवस वर आल्यावरचं. तुर्की सकाळी 'गुनायदिन', ग्रीक 'कालिमेरा', रशियन 'दोब्रोये ऊत्रो'.

'हेई'वर नंतर लिहितो, शाळेची घंटा झाली.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, थे समदं ठीक हाय, पन आमच्या इकडे सकाई सकाई कोनी 'चांगला दिवस' म्हनत नाई. 'काय बाप्पा, जेवन झालं काय?' हाच नमस्कार. आन उत्तर 'हो, झालं'. पोटात काई नसलं तरी झालंच म्हना लागते, नाई त समोरचा ताट वाढते.

मले वाटे हे आपलंच खूळ हाय. पुतन्या पुन्याले कंपनीत कामाले हाय, त्याच्या संगं चिनी इंजिनियर होते. त्यायचे म्हातारे लोकं 'छ्र ल मा' म्हनते म्हने, म्हंजे 'जेवला का'. कोरियातबी जेवनाचंच इचारते, थायलंडातबी. म्हंजे धान पिकवनारे समदे एकाच चालीचे. आता आमी ज्वारीवाले त्यायच्यात कसे आलो थे मास्तरांनीच सांगावं.

झाडीपट्टी_जी

माझा धाग्याच्या मूळ कल्पनेवरच आक्षेप आहे. नमस्कारावरून भाषा ओळखता येत नाही. माणूस कोणत्या गोटातला आहे, एवढंच कळतं.

लांब कशाला जाता? आमच्या गावच्या चौकात सकाळी उभं राहा. एक म्हणतो 'राम राम'. दुसरा 'जय भीम'. गुरुदेव सेवा मंडळाचा माणूस 'जय गुरुदेव'. महानुभाव पंथाचे आजोबा दोन्ही हात जोडून 'दंडवत प्रणाम'. शेगावला पायी जाऊन आलेला 'जय गजानन'. आणि गोंड शेजारी 'जय सेवा'. सगळे एकाच टपरीवर एकाच मराठीत धानाच्या भावाला शिव्या देतात. जगातला कोणी भाषा ओळखणारा विद्वान आमच्या चौकात आणून बसवला, तर तो सहा भाषा मोजून जाईल.

उलटंही होतं. 'जय भीम' आपल्याच कामठीच्या बाबू हरदासांनी (१९०४–१९३९) रुजवलं. आज ते पंजाबात पंजाबी बोलणारा म्हणतो, तमिळनाडूत तमिळ बोलणारा म्हणतो. शब्द एक, भाषा वेगळ्या. 'अस्सलामु अलैकुम' तर मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत. तेव्हा गाईडभाऊ, तुमचा 'सलाम' अडणारच. तो अरबी बोलणाऱ्याचा असेल, इराणी माणसाचा असेल, नाहीतर चंद्रपूरच्या बाबूपेठेतल्या माझ्या मित्राचा असेल.

दिग्रसची_पोर

झाडीपट्टीदादा, नेहमीच तसं नसते. मी तांड्यावरची आहे. 'जय सेवालाल' कोणी म्हटलं, की तो बहुतेक गोरबोली बोलणारा निघतोच. पोहरादेवीच्या यात्रेला कर्नाटकातले, तेलंगणातले लोक येतात. त्यांची बाहेरची भाषा कन्नड, तेलुगू. माझी मराठी. 'जय सेवालाल' म्हणून झालं की आम्ही सरळ गोरबोलीत सुरू होतो आणि आमच्या आज्यांना दुभाषा लागत नाही. गोरबोली राजस्थानी भाषांच्या जवळची आहे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत तांडे देशभर गेले, भाषा सोबत घेऊन गेले.

म्हणजे गोट आणि भाषा एकच असेल तिथे नमस्कार पुरतो. नसेल तिथे पुरत नाही. एवढंच म्हणू या.

भामरागड_रोड

'जोहार'चं कोणी बोललंच नाही. आमच्या भागात तो रोजचा. पण याच एका शब्दावर भाषाशास्त्रज्ञाची परीक्षा घ्यावी. झारखंडात संथाली बोलणारा 'जोहार' म्हणतो, त्याची भाषा मुंडा कुळातली. एटापल्ली-भामरागडचा माडिया 'जोहार' म्हणतो, त्याची गोंडी द्राविड कुळातली, म्हणजे तेलुगू-तमिळची बहीण. आणि कोरचीच्या पलीकडे छत्तीसगडी बोलणारा 'जय जोहार' म्हणतो, ती भाषा हिंदीच्या घरातली. तीन कुळं, नमस्कार एक.

आपल्या विदर्भातच तिन्ही कुळं आहेत, हे किती लोकांना माहीत असतं? मराठी, गोरबोली एका कुळातल्या. गोंडी, कोलामी द्राविड. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. तिच्या जवळच्या नातलग भाषा पार झारखंड-ओडिशाकडे. धारणीचा कोरकू माणूस अमरावतीला दवाखान्यात येतो तेव्हा आपल्याला वाटतं, याची मराठी कच्ची आहे. त्याची भाषा मराठीपासून जेवढी लांब आहे, तेवढी पर्शियनही नाही. पर्शियन निदान मराठीच्या दूरच्या नात्यात तरी बसते.

सिरोंच्याला गेलात तर 'नमस्कारम'च्या मागे 'बागुन्नारा?' ऐका. बरे आहात ना, असं तेलुगूत विचारणं. मोठ्या माणसाला 'बागुन्नारा', जोडीदाराला 'बागुन्नावा'. 'नमस्कार' भारतभर आहे, बंगालीतही, ओडियातही, मल्याळममध्येही. त्याच्या मागचा शब्द खरा.

अर्जुनीवाला

आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. त्यांचं 'ताशी देलेक' आम्हाला लहानपणापासून माहीत. हिवाळ्यात हीच मंडळी शहरात स्वेटर विकायला बसतात. ग्राहकाशी हिंदी, आपसात तिबेटी. घासाघीस करताना मध्येच 'ताशी देलेक' टाकून पाहा, भाव कमी होत नाही पण चहा मिळतो.

गाईडभाऊंना एक युक्ती सांगतो. बौद्ध देशांतले नमस्कार आपल्याला जड जात नाहीत, कारण निम्मे आपल्याच घरातून गेलेले आहेत. दीक्षाभूमीला परदेशी भिक्खू येतात, तिथे ऐकलेले सांगतो. म्यानमारचं 'मिंगलाबा', त्यात आपलं मंगल आहे. श्रीलंकेच्या सिंहलीत 'आयुबोवन', त्यात आयुष्य आहे. थाईमध्ये 'सवात्दी', कंबोडियात 'सुअस्देय', दोन्हींत स्वस्ती. थाई लोकांचं सवात्दी काही पुराणकाळचं नाही बरं का. विसाव्या शतकात एका प्राध्यापकाने ते घडवलं आणि १९४३ मध्ये सरकारने ते अधिकृत केलं. त्याआधी तेही जेवणाचंच विचारायचे (ठेचाभाऊ, घ्या!).

थाई पक्का ओळखायचा तर शेपूट ऐका. पुरुष 'सवात्दी ख्राप' म्हणतो, बाई 'सवात्दी खा'. लाओसचा 'सबाइदी' म्हणतो, शेजारीच आहे पण शब्द वेगळा. व्हिएतनामचा 'सिन चाओ'. तुमचा एक 'चाओ' इथे सुटला. व्हिएतनामी चाओचा इटालियन चाओशी काहीही संबंध नाही, आवाज जुळला एवढंच. व्हिएतनामी माणूस भेटताना म्हणतो. इटालियन भेटतानाही म्हणतो, जातानाही. आणि जर्मन माणूसही म्हणतो, पण तो बहुतेक निरोपाचा.

वर्धेकर_मास्तर

अर्जुनीवाले, वर्ध्याचं एक राहिलं. जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये गांधीजींना वर्ध्यात भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्खू समोरच्याला हात जोडून 'ना मु म्यो हो रेंगे क्यो' म्हणतात. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन आहे ते. हाच मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेतही आला. त्यामुळे आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांना 'कोन्निचिवा' माहीत नाही, पण हा मंत्र तोंडपाठ आहे. जपानी पाहुण्यापुढे तो म्हणून दाखवतात आणि पाहुणा गोंधळतो, कारण जपानात रस्त्यावर असं कोणी म्हणत नाही. इथे झाडीपट्टींचा मुद्दा लागू पडतो.

आता 'हेई'. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड चौघांतही चालतं. पहिल्या तीन भाषा एकमेकींच्या बहिणी. फिनिश मात्र त्या घरातलीच नाही, ती एस्टोनियनची बहीण आणि हंगेरियनची लांबची नातलग. 'हेई'वर डोकं खपवू नका. पाण्याची बाटली हातात द्या आणि आभार ऐका. 'ताक' म्हटलं तर स्कँडिनेव्हियन, 'कीतोस' म्हटलं तर फिनिश. (त्यांना आपलं ताक देऊन पाहा कधी.)

आभारांची युक्ती बहुतेक ठिकाणी चालते, इराणी सोडून. तेहरानचा माणूस फारसीतच बोलत असतो आणि मध्येच 'मेर्सी' म्हणतो, म्हणजे चक्क फ्रेंच. असंच एक माल्टाचं. ते सकाळी 'बोंजू' म्हणतात, तुम्ही त्याला फ्रेंचांच्या रांगेत बसवाल, आणि त्याची भाषा निघते अरबीच्या कुळातली.

बफरचा_गाईड

मास्तर, बाटलीची युक्ती उद्यापासून सुरू.

दोन शंका. एक, पूर्व युरोपातले सगळे मला 'दोब्री-दोब्री' ऐकू येतात. दोन, एक कुटुंब होतं, ते भेटताना 'सिया' म्हणत आणि निघताना 'हॅलो'. मी ड्रायव्हरला म्हटलं, हे लोक उलटे आहेत गा.

वर्धेकर_मास्तर

दुसरं आधी. ते हंगेरियन. 'सिया' भेटीचंही आणि निरोपाचंही, आणि 'हॅलो'सुद्धा ते दोन्हीकडे वापरतात. इंग्रज पाहुण्याला वाटतं, आल्या आल्या 'सी या' म्हणून हाकलतात.

'दोब्री' म्हणजे स्लाव्ह घराणं. चेक माणूस 'दोब्री देन', क्रोएशिया-सर्बियाचा 'दोबर दान', आणि पोलंडचा मात्र शब्द फिरवून 'जेन दोब्री'. दिवस आधी आला की पोलिश, हे लक्षात ठेवा. रशियनांचं खास 'ज़्द्रास्त्वुय्ते'. हा शब्द तुम्हाला एका दमात लिहिता आला नाही, तर तो रशियन. अर्थ 'निरोगी राहा'. चेक दोस्त आपसात 'अहोय' म्हणतात. मूळ खलाशांची हाक, आणि चेक देशाला समुद्र नाही! टेलिफोन आला तेव्हा ग्रॅहम बेलला फोन उचलून 'अहोय' म्हणावं असं वाटत होतं. १८७७ मध्ये एडिसनने 'हॅलो' सुचवलं, ते टिकलं, म्हणून आज आपल्या शेतातली माणसं मोबाईल कानाला लावून 'हॅलो, मोटर चालू कर' म्हणतात.

झाडीपट्टींना एक भेट. विदर्भात जसं अर्ध्या नमस्कारांत 'जय' आहे, तसं जॉर्जिया देशात 'गमार्जोबा' म्हणतात. त्याचा अर्थच विजय. पण आपण 'जय भीम'ला 'जय भीम' असंच परत करतो, 'राम राम'ला 'राम राम'. जॉर्जियन माणूस उत्तरात शब्द बदलतो, 'गागिमार्जोस'. अरब शब्द उलटा करतो, 'व अलैकुम अस्सलाम'. आयर्लंडच्या आयरिश भाषेत पहिला म्हणतो 'देव तुझ्यासोबत', आणि दुसरा उत्तरात देवासोबत मेरीलाही जोडतो. म्हणून सांगतो, पहिल्या माणसाला ऐकून निकाल देऊ नका, दुसऱ्याचं तोंड उघडू द्या. पहिला नमस्कार उसना असू शकतो. उत्तर बहुतेक घरचं असतं.

सोयाबीनचा_भाव

मास्तरांच्या यादीत आफ्रिका नाही, ती मी भरतो. माझा मेव्हणा टांझानियात होता. तिथे स्वाहिलीत 'हबारी?' विचारतात. अरबीतली खबर, तीच आपली 'काय खबर?' आणि इंडोनेशियात 'आपा काबार?' तिघांनी अरबी व्यापाऱ्यांकडून आणि फारसी दरबाराकडून एकच शब्द उचलला, आणि तिघांच्याही भाषा एकमेकींना ओळखत नाहीत.

मला त्याहून आवडलं ते 'शिकामू'. लहानाने मोठ्याला म्हणायचं, मूळ अर्थ 'पाय धरतो'. मोठा उत्तर देतो 'मराहाबा'. मेव्हण्याने तिथल्या पोरांना सांगितलं की आमच्याकडेही जावई सासऱ्याला 'पाय लागू' म्हणतो. पोरांनी विचारलं, मग सासरा काय म्हणतो? मेव्हणा म्हणाला, 'बसा'. यावर ती पोरं खूप हसली म्हणे.

झाडीपट्टी_जी

म्हणजे शेवटी सगळे माझ्याच बाजूला आले. नमस्कार फिरस्ता आहे. व्यापारी, साधू, खलाशी, सरकार कोणीही त्याला उचलून नेतं. फक्त मास्तरांचं 'उत्तर ऐका' मान्य. आणि शेपूट ऐका, हे अर्जुनीवाल्यांचं.

बफरचा_गाईड

आजची गंमत. दोन पाहुणे, परमिटवर स्पेन. मी मनातल्या मनात 'ब्वेनोस दीयास' धरून बसलो. तिसरा चढला तर हे म्हणाले 'काइशो', तोही म्हणाला 'काइशो'. उत्तरही तेच, शेपूट नाही. बाटली दिली तर म्हणाले 'एस्केरिक अस्को'. काहीच पत्ता लागेना. मग तळ्याकाठी चितळं दिसली आणि एकाने बोटाने मोजायला घेतली : 'बात, बी, इरू, लाउ…' मला स्पॅनिश उनो-दोस-त्रेस येते. हे ते नाही.

वर्धेकर_मास्तर

बास्क. एउस्कारा म्हणतात ते स्वतः. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज डोंगराच्या पश्चिम टोकाला बोलतात. आजूबाजूला सगळ्या लॅटिनच्या मुली, पण ही कोणाचीच कोणी नाही. तिचा एकही जिवंत नातलग भाषाशास्त्राला सापडलेला नाही. आणि आकड्यांची युक्ती तुम्ही स्वतः शोधलीत, ती माझ्या बाटलीपेक्षा पक्की. माणूस परक्याशी कोणत्याही भाषेत बोलेल, पण घाईत मोजायला लागला की सहसा घरच्या भाषेतच मोजतो.

जामोदकर

कोणाचीच कोणी नाही अशी एक भाषा आमच्या जळगाव जामोद तालुक्यातही आहे, निहाली. सातपुड्याच्या पायथ्याची काही गावं. तिच्यात कोरकूचे शब्द भरपूर, मराठीचे भरपूर, द्राविडही सापडतात. ते सगळे वेगळे काढले तरी तळाशी जे उरतं ते कोणत्याच कुळात बसत नाही. बोलणारे अगदी थोडे उरलेत. बाजाराच्या दिवशी ते आमच्या दुकानात येतात आणि मराठीतच बोलतात, त्यामुळे नमस्कारावरून तर काहीच कळत नाही.

पण आकड्यांचं मास्तर म्हणतात ते तिथे चालणार नाही. निहालीत मोजताना वरचे आकडे शेजारच्या भाषांतून घेतलेले आहेत. तिथे आपसातलं बोलणंच ऐकावं लागेल, आणि ते दुकानात होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

गाईडभाऊ, थे बास्कवाल्यायले वाघ दिसला का नाई थे त सांगतलंच नाई!

बफरचा_गाईड

नाही दिसला. अस्वल दिसलं. अस्वलाला बास्कमध्ये 'हार्त्झ' म्हणतात, लिहून घेतलं.